कौल कोणी मागितला? 'लाँड्री फाइल्स' नव्याने वाचायला घेणाऱ्यांसाठी

चार्ल्स स्ट्रॉस या ब्रिटिश लेखकाची 'द लाँड्री फाइल्स' ही मालिका वाचायला घेणारे लोक साधारण दोन ठिकाणी अडकतात. पहिली अडचण सुरुवातीलाच येते. कॉम्प्युटरवाल्यांचे विनोद, सरकारी कचेरीतली भांडणं आणि दुसऱ्या मितीतून येणारे जीवघेणे प्राणी एकाच पानावर का नांदतात, ते कळत नाही. दुसरी अडचण बरीच पुढे, चार-पाच पुस्तकं संपल्यावर येते. तोवर आपला निवेदकावर जीव जडलेला असतो. मग एक दिवस दुसरंच कोणीतरी बोलायला लागतं, आणि आपल्याला इतके दिवस अर्धीच गोष्ट ऐकवली होती हे लक्षात येतं. आमच्या कुडाळच्या वाचनकट्ट्यावर काही जणांनी नेमकं तिथेच पुस्तक मिटलं. मला त्याची हळहळ वाटते, कारण या मालिकेचा खरा कस त्याच जागेपासून पुढे आहे.

म्हणून हे टिपण. नव्या वाचकाने काय हाताशी ठेवावं, कुठून सुरू करावं, निवेदकाला कोणते प्रश्न विचारावेत आणि कुठे संशय आवरावा, हे सगळं कट्ट्यावरच्या वाचनातून जमलेलं आहे.

आधी मालिकेची थोडक्यात ओळख. दुसऱ्या महायुद्धात, जुलै 1940 मध्ये ब्रिटनने एसओई नावाची गुप्त संघटना उभारली. शत्रूच्या मुलखात घातपात घडवणं हे तिचं काम होतं, आणि 1946 च्या जानेवारीत ती मोडीत निघाली. हा खरा इतिहास. स्ट्रॉसने त्याला कल्पनेची जोड दिली: या संघटनेचा एक विभाग बंद झालाच नाही, तो आजही अघोरी शक्तींपासून देशाचं रक्षण करतो. त्या विभागाचं जुनं ऑफिस लंडनच्या सोहो भागात एका चिनी धोब्याच्या दुकानावर होतं, म्हणून त्याचं टोपणनाव 'लाँड्री'. या जगात जादू ही गणिताची शाखा आहे. ठरावीक गणित सोडवलं की पलीकडचं काहीतरी जागं होतं, त्यामुळे कॉम्प्युटर हे मंत्र म्हणणारं यंत्र ठरतं. बॉब हॉवर्ड हा विद्यार्थी असताना असंच एक गणित करून बसला आणि वुल्वरहॅम्प्टन शहर नकाशावरून पुसलं जायचं थोडक्यात राहिलं. त्यानंतर त्याच्यापुढे नोकरीचा कागद ठेवण्यात आला. नाही म्हणायची सोय नव्हती. बहुतेक पुस्तकं हाच बॉब सांगतो.

1. हाताशी काय हवं

- दोनशे पानी वही, रेघांची. प्रत्येक पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करा. डावीकडे 'काय सांगितलं', उजवीकडे 'कोणी सांगितलं आणि त्याला कसं कळलं'.
- पेन्सिल. पुस्तक वाचनालयाचं असेल तर चिकटपट्ट्या.
- पुस्तकांची प्रकाशन-वर्षांसह यादी, वहीच्या पहिल्या पानावर. पुढच्या पायरीत दिली आहे.
- सांकेतिक नावांसाठी वहीच्या शेवटची चार पानं. या मालिकेत दोन-दोन, तीन-तीन शब्दांची गुप्त नावं सतत येतात. 'केस नाइटमेअर ग्रीन' हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. ग्रहतारे जुळून आल्यावर जगावर कोसळणाऱ्या संकटाचं ते नाव आहे.
- बरोबरीने वाचणारा एक सोबती. हे सगळ्यांत गरजेचं.

आपल्याकडचं एक व्यावहारिक सांगते. पुस्तकं इंग्रजी आहेत आणि तालुक्याच्या दुकानात बहुधा मागवावीच लागतात. पावसाळ्यात घाट बंद झाला की पार्सल रखडतं, म्हणून मागवायची ती मेमध्येच मागवा. ई-बुक घेणार असाल तर वीज आणि रेंज दोन्ही असताना डाउनलोड करून ठेवा. जुलैत वाऱ्याने एक फांदी तारांवर पडली की रात्रभर दोन्ही गायब असतात, आणि वाचायला खरा वेळ तेव्हाच मिळतो.

2. क्रम प्रकाशनाचाच धरा

'द अट्रॉसिटी अर्काइव्ह्ज' (2004), 'द जेनिफर मॉर्ग' (2006), 'द फुलर मेमोरँडम' (2010), 'द अपॉकलिप्स कोडेक्स' (2012), 'द ऱ्हीसस चार्ट' (2014), 'द ॲनायहिलेशन स्कोअर' (2015), 'द नाइटमेअर स्टॅक्स' (2016), 'द डिलिरियम ब्रीफ' (2017), 'द लॅबिरिंथ इंडेक्स' (2018). मधूनमधून लघुकथा आणि दीर्घकथा आहेत. त्यातल्या 'द काँक्रीट जंगल'ला 2005 मध्ये आणि 'इक्वॉइड'ला 2014 मध्ये विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

कोणी सांगेल की पाचवं जास्त रंजक आहे, तिथून सुरू करा. ऐकू नका. निवेदकावर विश्वास बसायला वेळ लागतो, आणि बसलेला विश्वास हलायला तर आणखी. मधूनच शिरलात तर हलण्यासारखं काही उरणारच नाही.

एकदम मोठं पुस्तक घ्यायचं नसेल तर 'ओव्हरटाइम' ही छोटी कथा घ्या. ती 2009 मध्ये टॉर प्रकाशनाच्या संकेतस्थळावर आली होती. नाताळच्या रात्री बॉबला कचेरीत एकट्याने ड्यूटी लागते. ही मालिका तुम्हाला रुचेल की नाही, त्याचा अंदाज एका बैठकीत येतो.

3. पहिल्या पानावर तीन प्रश्न

प्रत्येक पुस्तक उघडताना वहीत हे तीन प्रश्न लिहा आणि खाली जागा सोडा:

कोण लिहितंय?
कोणासाठी लिहितंय?
काय लिहायची त्याला मुभा नाही?

तिसऱ्या प्रश्नात या मालिकेचं मर्म आहे. आपल्याकडे 1923 चा शासकीय गुपिते अधिनियम आहे. तो मोडला तर खटला होतो, शिक्षा होते. लाँड्रीत गोपनीयतेच्या कागदावर सही केली की ती सही मंत्रासारखी माणसाला बांधते. मनात आलं तरी बोलता येत नाही, जीभच वळत नाही. आता विचार करा: अशा बंधनातला माणूस आपल्याला आठवणी सांगतोय. त्याने काही गाळलं, तर ते त्याने ठरवून गाळलं, की त्याला गाळावंच लागलं? हा फरक फार मोठा आहे. खोटं बोलणारा निवेदक वेगळा आणि तोंड बांधलेला निवेदक वेगळा.

साहित्याच्या अभ्यासात 'अविश्वसनीय निवेदक' ही कल्पना वेन बूथ या अमेरिकी समीक्षकाने 1961 मध्ये मांडली. तिथे मुख्यतः निवेदकाची समज आणि त्याची मूल्यं लेखकाच्या मूल्यांशी जुळतात का, हे पाहायचं असतं. इथे त्यावर आणखी एक थर चढतो, तो नोकरीचा. बॉब पगारी नोकर आहे. त्याचे कागद वरिष्ठांच्या नजरेखालून जाणार, हे त्याला माहीत आहे. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'वाचकांसाठी' असं कधीच लिहू नका. तुम्ही आणि मी या गोष्टीचे हक्काचे वाचक नाहीच. दुसऱ्याची फाइल आपल्या हाती पडली आहे असं धरून वाचा.

4. नावावर जाऊ नका

'बॉब हॉवर्ड' हे निवेदकाचं खरं नाव नाही. या जगात खरं नाव कळलं की माणसावर ताबा मिळवता येतो, म्हणून तो टोपणनावानेच वावरतो. म्हणजे पहिल्या ओळीपासून आपण ज्याच्यावर विसंबतो, त्याचं नावदेखील आपल्याला ठाऊक नसतं. आपल्या बाजूला हे पटायला वेळ लागत नाही. रात्री-अपरात्री रानातून कोणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं सांगणारी आजी बहुतेक घरांत होती.

त्याच्या साहेबाचं नाव अँगल्टन. हेही उसनं. खरा जेम्स अँगल्टन 1954 ते 1974 अशी वीस वर्षं अमेरिकेच्या सीआयएत हेरांवर नजर ठेवणाऱ्या शाखेचा प्रमुख होता. त्याचा जवळचा ब्रिटिश मित्र किम फिल्बी सोव्हिएतांचा हेर होता आणि 1963 मध्ये तो मॉस्कोला पळाला. त्यानंतर या अँगल्टनला सगळीकडेच फितूर दिसायला लागले. अशा माणसाचं नाव लेखक एखाद्या पात्राला देतो, तेव्हा त्या पात्राच्या प्रत्येक आदेशाखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी. हा साहेब नक्की कोण आहे, ते तिसऱ्या पुस्तकात कळतं. ते इथे सांगत नाही.

5. कौल कोणी मागितला ते आधी बघा

ही पायरी मला कट्ट्यावरच्या एका काकांनी दिली. ते त्यांच्या गावच्या देवळात मानकरी आहेत. बॉब एका कामगिरीवर जातो, संकट टळतं, तो सुटकेचा श्वास टाकतो, इथवर आम्ही आलो होतो आणि चर्चा चालली होती ती त्याने घेतलेला निर्णय बरोबर की चूक यावर. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कौल काय इलो ता मागसून बघूया. आधी इचारल्यान कोणी ता सांग."

कौल लावताना पाहिला असेल त्याला हे लगेच कळेल. गुरव पाषाणावर पाण्याने कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवतो. मानकरी गाऱ्हाणं घालतो. अमुक करायचं असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे. सगळ्यांचे डोळे कळ्यांवर. कळा पडला की काम झालं, घंटा वाजली, लोक पांगले. पण देवापुढे ठेवलेले दोन पर्याय कोणी ठरवले? तिसरा पर्याय गाऱ्हाण्यात आलाच नसेल, तर तो कौलात येणार कुठून? काकांचा देवावर पूर्ण विश्वास आहे. त्यांचं लक्ष असतं ते गाऱ्हाणं कोण घालतोय आणि कोणत्या शब्दांत घालतोय याच्याकडे.

बॉबच्या बाबतीत हाच प्रश्न धरून बसा. तो आपल्याला कौल सांगतो. काय घडलं, तो कसा निसटला, कोण मेलं. पण त्याला तिथे पाठवलं कोणी, त्याच्यापुढे कोणते दोनच रस्ते ठेवले, आणि तिसरा रस्ता कोणी झाकला, हे तो फार क्वचित विचारतो. सुरुवातीच्या पुस्तकांत त्याला ते सुचतच नाही. तो तरुण आहे, हुशार आहे, आणि आपण हुशार आहोत याची त्याला खात्री आहे. अशा माणसाला वापरून घेणं सोपं असतं.

वहीत यासाठी वेगळं पान करा, चार रकान्यांचं: घटना, सांगितलेलं कारण, फायदा कोणाचा, आणि हे आपल्याला कळलं केव्हा. 'द काँक्रीट जंगल'चं उदाहरण घेऊ (थोडा उलगडा आहे, नको असेल तर हा परिच्छेद सोडा). इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरात काँक्रीटच्या गाईंचं शिल्प आहे. ते खरोखरच आहे, 1978 पासून. कथेत बॉबला भल्या पहाटे उठवून गाई मोजायला पाठवतात, आणि एक गाय जास्त भरते. कारण सांगितलं जातं ते तातडीच्या धोक्याचं. धोका खराही आहे: नजरेने माणसाचा दगड करणारी विद्या आता सीसीटीव्ही कॅमेऱ्यांत बसवता येते. पण कथेच्या शेवटी तिसऱ्या रकान्यात जे लिहावं लागतं, त्याची मुळं बाहेरच्या शत्रूत नसून त्याच कचेरीतल्या वरिष्ठांच्या खुर्चीच्या भांडणात आहेत. चौथा रकाना भरताना पानं मागे उलटा. खुणा आधीच पेरलेल्या सापडतील, आणि बॉबने त्या आपल्याला सांगितलेल्याही असतात. त्याला स्वतःला मात्र त्यांचा अर्थ लागलेला नसतो.

मोठ्या हेतूंनाही हाच नियम लावा. 'जगबुडी जवळ आली आहे, म्हणून हे करावं लागेल' हे वाक्य या मालिकेत पुन्हापुन्हा येतं. संकट खोटं नाही. पण प्रत्येक वेळी ते वाक्य कोणाच्या तोंडी आहे, आणि ते उच्चारल्यावर कोणाच्या हाती जास्त अधिकार गेले, हे लिहून ठेवत चला. 'द डिलिरियम ब्रीफ'पर्यंत पोचलात की या पानाची किंमत कळेल. जगाला वाचवायला निघालेली संस्था स्वतःला वाचवताना कोणाशी हातमिळवणी करते, हे तिथे येतं. ते वाचून कट्ट्यावर दोन मित्रांचं चांगलंच वाजलं होतं.

6. तो जिथे हजर नव्हता ती प्रकरणं वेगळी काढा

ही पायरी सोपी आहे, पण लोक चुकतात इथेच. 'मी' म्हणून सांगणाऱ्या पुस्तकात मध्येच एखादं प्रकरण असं येतं की जिथे हा 'मी' नव्हताच. 'द अपॉकलिप्स कोडेक्स'मध्ये पर्सेफनी हॅझार्ड आणि जॉनी मॅक्टॅव्हिश यांचे मोठे प्रसंग आहेत, तिसऱ्या पुरुषात सांगितलेले. त्यांच्या मनात काय चाललंय, तेही लिहिलंय. बॉबला कसं कळलं? अहवाल वाचून, नंतर विचारून, आणि उरलेलं जुळवून.

अशा प्रकरणांच्या समासात 'ऐकीव' असं लिहा. मग ती पुन्हा वाचा आणि पाहा: संवाद जास्त खुमासदार झालेत का? बाई जास्त देखणी, शत्रू जास्त मूर्ख रंगवलाय का? कोर्टात ऐकीव माहितीला जो भाव असतो, तोच इथे द्या.

7. विनोद आला की वेग कमी करा

बॉब विनोदी आहे. मीटिंगा, फॉर्म, कागद जोडायच्या टाचण्यांचं ऑडिट यांवर तो फार छान लिहितो. सरकारी नोकरी केलेल्या आमच्या सदस्यांना हे भाग तोंडपाठ आहेत. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, त्याचा विनोद भीतीच्या अगदी शेजारी राहतो. जिथे तो एकाएकी जास्त गमतीत येतो, त्याच्या आधीचं आणि नंतरचं पान नीट वाचा. काहीतरी वाईट तिथे अर्ध्या वाक्यात उरकलेलं असतं. कोणी मेलेलं असतं, किंवा त्याने कोणाला तरी मारलेलं असतं. पुस्तकं पुढे जातात तसा विनोद आटत जातो, आणि ती अर्धी वाक्यं पूर्ण व्हायला लागतात. 'द फुलर मेमोरँडम' सुरू होतं तेव्हाच हा सूर बदललेला ऐकू येतो.

दुसरी, ज्याला तो मूर्खपणा म्हणून हसतो, त्यालाही काही वेळा कारण असतं. टाचण्यांची मोजणी ही नुसती नोकरशाहीची लहर वाटते. पण एकदा एकमेकांना लागलेल्या वस्तू पुढेही जोडलेल्या राहतात, हा या जगातल्या जादूचा नियम. मग गुप्त कागदाला लावलेली टाचणी बाहेर गेली तर काय होईल? नियम समजला की ते ऑडिट शहाणपणाचं ठरतं. आपण बॉबबरोबर हसलेलो असतो आणि तेवढ्यापुरतं त्याच्या अज्ञानात सामील झालेलो असतो.

8. आपण कोणाच्या गोष्टीत आहोत ते निवेदकालाही माहीत नसतं

या पायरीत 'द जेनिफर मॉर्ग'चा कळीचा उलगडा आहे. ते पुस्तक वाचलं नसेल तर थेट नवव्या पायरीवर जा.

पुस्तकाची सुरुवात एका खऱ्या घटनेवर बेतलेली आहे. 1968 मध्ये सोव्हिएत पाणबुडी के-129 प्रशांत महासागरात बुडाली. ती वर काढण्यासाठी सीआयएने एक अवाढव्य जहाज बांधून घेतलं, 'ग्लोमार एक्स्प्लोरर'. हे जहाज उद्योगपती हॉवर्ड ह्यूजेस याचं आहे आणि समुद्रतळावरचे मँगनीजचे गोळे उपसणार आहे, असं जगाला सांगितलं. 1974 मध्ये मोहीम झाली, पाणबुडीचा एकच भाग हाती लागला, आणि 1975 मध्ये बातमी फुटली. माहिती मागणाऱ्यांना सीआयएने दिलेलं 'आम्ही दुजोराही देत नाही आणि इन्कारही करत नाही' हे उत्तर तेव्हापासून त्या जहाजाच्या नावाने ओळखलं जातं.

स्ट्रॉस काय करतो पाहा. खऱ्या इतिहासात आधीच दोन थर आहेत: खनिजांची बतावणी आणि तिच्याखाली पाणबुडी. तो त्याखाली तिसरा थर घालतो, समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या प्राण्यांचा. त्यामुळे वाचक खूश होतो. खाली काय आहे ते आपल्याला कळलं, असं त्याला वाटतं.

आणि तिथेच फसतो. खलनायकाने अशी जादू रचली आहे की सगळ्या घटना जेम्स बाँडच्या कथेसारख्या घडाव्यात. बॉबला टक्सिडो चढवतात, कॅसिनोत पाठवतात, महागड्या लोकांत सोडतात. तो 'मी' म्हणून सांगतोय, तेव्हा नायक तोच, असं आपण धरून चालतो. त्यानेही तेच धरलेलं असतं. शेवटी कळतं की त्या साच्यात बाँडची जागा त्याची नव्हतीच. ती होती मो या त्याच्या प्रेयसीची, आणि बॉब होता सुटका होण्याची वाट पाहणाऱ्या नायिकेच्या जागी. इथे बॉब एकही शब्द खोटं बोललेला नाही. त्याने जे पाहिलं तेच सांगितलं. गोष्टीत आपलं पात्र कोणतं हेच त्याला चुकीचं ठाऊक होतं, आणि ज्यांना बरोबर ठाऊक होतं त्यांनी ते त्याच्यापासून मुद्दाम लपवलं, कारण त्याला कळतं तर बेत फसता.

मालिकेतली मला सर्वांत आवडणारी खेळी हीच. वही काढा आणि दुसऱ्या वाचनात मोचे सगळे प्रसंग मोजा. बॉबच्या कथेत ती कडेला दिसते, कारण तो तिच्याकडे कडेनेच पाहत असतो.

9. दुसरा आवाज आला की मागे फिरा

'द ॲनायहिलेशन स्कोअर' हे पुस्तक मो सांगते. तोवर ती बॉबची बायको झालेली आहे. बॉबच्या पुस्तकांत ती शांत, खंबीर, थोडी दूरची. स्वतःच्या पुस्तकात ती थकलेली आहे, संतापलेली आहे, आणि तिच्याकडे माणसाच्या हाडांपासून बनवलेलं व्हायोलिन आहे, ज्याला स्वतःची इच्छा आहे.

इथे एक ठोस अभ्यास करा. 'द ऱ्हीसस चार्ट'च्या शेवटाकडे मो घरी परतते ती रात्र बॉबच्या तोंडून येते. तीच रात्र पुढच्या पुस्तकाच्या सुरुवातीला मोच्या तोंडून येते. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेवा. घरात आधीपासून कोण होतं, ते प्रत्येकाने कोणत्या शब्दांत सांगितलं? दमणूक कोणाची दिसते? व्हायोलिन कोणाच्या कथनात नुसती धोक्याची वस्तू आहे आणि कोणाच्या कथनात बोलणारं कोणीतरी? आम्ही हे दोघांनी आळीपाळीने मोठ्याने वाचून पाहिलं, एकाने बॉब, दुसरीने मो. वाचणाऱ्या दोघांनाही आपापल्या बाजूने राग आला.

इथला सापळा असा की बहुतेक जण लगेच पक्ष बदलतात: बॉब खोटा, मो खरी. तसं करू नका. मोवर त्या व्हायोलिनचा दाब आहे, झोप नाही, नवं काम अंगावर पडलंय, आणि तिलाही तिचे वरिष्ठ कशासाठी तरी वापरताहेत. वहीतले तीन प्रश्न तिलाही लावा. पुढे 'द लॅबिरिंथ इंडेक्स'मध्ये म्हारी मर्फी बोलते, बॉबची जुनी प्रेयसी. बॉबच्या पुस्तकांतली म्हारी आणि स्वतःच्या पुस्तकातली म्हारी यांची ओळखदेख आहे असंही वाटत नाही. तीन लोकांची तीन कथनं हातात आली की एकाला साक्षीदार आणि बाकीच्यांना आरोपी करायचा मोह सोडा. तिघेही साक्षीदारच आहेत, आणि प्रत्येक जण एकाच खिडकीतून पाहिलेलं सांगतो.

10. कुठे संशय घेऊ नये

संशयाची चटक लागली की प्रत्येक विसंगती कटकारस्थान वाटायला लागते. कट्ट्यावर हे फार होतं, म्हणून थोडं सावध करते.

पहिल्या पुस्तकापासून नवव्यापर्यंत चौदा वर्षं आहेत. इतक्या काळात लेखकाच्या हातून तपशील इकडेतिकडे होतात. तारीख जुळत नाही, एखाद्याचं वय पुढे-मागे होतं. त्या वेळी स्वतःला एवढंच विचारा: या विसंगतीचा कथेतल्या कोणाला तरी फायदा होतो का? होत असेल तर वहीत लिहा. होत नसेल तर ती लेखकाची नजरचूक समजून पुढे जा.

दुसरं, सूर बदलण्याचं कारण दर वेळी निवेदकाच्या मनात नसतं. सुरुवातीची पुस्तकं एकेका ब्रिटिश हेरकथाकाराच्या धाटणीत मुद्दाम लिहिली आहेत: पहिलं लेन डेटनच्या, दुसरं इयान फ्लेमिंगच्या, तिसरं अँथनी प्राइसच्या, चौथं पीटर ओडॉनेलच्या. दुसऱ्या पुस्तकात बॉब अचानक गाड्या आणि कपड्यांबद्दल बोलायला लागतो, त्यात धाटणीचा मोठा वाटा आहे. त्यावरून त्याच्या स्वभावाचे निष्कर्ष काढू नका.

तिसरं, या जगात राक्षसी शक्ती खऱ्या आहेत. बॉबला भास होतात आणि सगळं त्याच्या डोक्यातलं आहे, असा सिद्धांत दर पावसाळ्यात कोणीतरी नवीन माणूस मांडतो. पुस्तकांत त्याला आधार नाही. अनेक निवेदक, अनेक डोळे तेच पाहतात. शंका घ्यायची ती हेतूंवर, गाळलेल्या जागांवर, आणि कोणाला काय कधी कळलं यावर.

11. गटाने वाचत असाल तर

एका वेळी एकच पुस्तक, आणि पुढचं वाचलेल्याने पुढचं बोलायचं नाही. आम्ही यासाठी साधी चिठ्ठी वापरतो: प्रत्येक जण आपण कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या प्रकरणावर आहोत ते लिहून समोर ठेवतो, आणि चर्चा सगळ्यांत मागे असलेल्याच्या प्रकरणापाशी थांबते. मागे असलेल्याला लाज वाटू देऊ नका. तो पहिल्यांदा वाचत असतो, म्हणून त्याचा अंदाज सगळ्यांनी ऐकावा. पुढचं माहीत असलेल्यांना पेरलेल्या खुणा इतक्या ठळक दिसतात, की त्या आधी किती झाकलेल्या होत्या याचा विसर पडतो.

वह्यांची अदलाबदल प्रत्येक पुस्तक संपल्यावर करा, मध्ये नको. दुसऱ्याचा 'फायदा कोणाचा' हा रकाना आपल्या रकान्याशी ताडून पाहिला की बोलायला तीन-चार तास सहज पुरतात. नव्याने येणाऱ्यासाठी 'द अट्रॉसिटी अर्काइव्ह्ज'ची एक प्रत गटात कायम मोकळी ठेवा, आणि तिच्यावर कोणीही पेन्सिलीने काही लिहू नका. पहिल्या वाचनाच्या खुणा ज्याने त्याने आपल्या हाताने कराव्यात.